आम्ही जुळे, तुम्ही काहीही म्हणा

माझा जुळा भाऊ माझ्यापेक्षा एका पावसाळ्याने लहान आहे. त्याची आई वेगळी, वडील वेगळे, देव वेगळा, आणि तो मला पंधराव्या वर्षी अंधेरीत भेटला. यावर ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढे व्यत्यय नको. माझ्या लग्नात सासरेबुवांनी विचारलं होतं, "हे जावईबापूंचे कोण?" मी म्हटलं, "जुळा भाऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सॅव्हियोकडे पाहिलं, आणि मुलीच्या निवडीबद्दल जी शंका त्यांना आधीपासून होती ती पक्की करून घेतली.

परवा त्याच स्टुडिओत गेलो होतो, जिथे आम्ही जुळे झालो. साकीनाक्याकडून येताना आता डोक्यावरून मेट्रो जाते, पण गल्ली तीच. कारखान्यांच्या मागची, टेम्पो उलटा घेताना वाजणाऱ्या त्या किरकिऱ्या सुरांची. फाटकाशी मी सवयीने नाक वर केलं. आमच्या वेळी वारा बरा असला की पार्ल्याच्या बाजूने भाजलेल्या बिस्किटांचा वास यायचा आणि मी भर दृश्यात वाक्य विसरायचो. तो वास गेला. पण शूटिंगच्या फ्लोअरचं जड लोखंडी दार सरकवलं तेव्हा आतून जो भपकारा आला, तो जसाच्या तसा. प्लायवूड, ओला रंग, गोंद, तापलेले दिवे, आणि कोणाच्या तरी डब्यातली सकाळची भाजी. मी दारातच थांबलो. मागून सॅव्हियो येऊन आदळला.

"काय रे, आत चल ना. तुला बोलावलंय, मला नाय."

ते खरं होतं. मला बोलावलं होतं, त्याला नव्हतं. आमची जुनी मालिका कोणीतरी मोबाइलवर बघायच्या नव्या रूपात आणणार होतं, आणि त्यात जुळ्या भावांची दोन्ही कामं मी एकट्यानेच करायची होती. दुसरा चेहरा कॉम्प्युटर लावणार. दुसरा चेहरासुद्धा माझाच.

मालिकेचं नाव होतं 'मुलुंड ते बोरिवली, व्हाया आई'. निहार आणि निनाद हे जुळे. तान्हेपणीच ताटातूट. निनाद आईबरोबर मुलुंडला, निहार बाबांबरोबर बोरिवलीला. ताटातूट का झाली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. लेखकाला विचारलं की तो म्हणायचा, "पुढे सांगू." ते पुढे कधी आलं नाही. बरं, मुलुंड आणि बोरिवली काही दोन देश नव्हेत. पण दोघं पंधरा वर्षं एकमेकांना दिसलेच नाहीत, यावर लोकांनी सहज विश्वास ठेवला. मुलुंडचा माणूस बोरिवलीला कशाला जाईल, असंच सगळ्यांना वाटलं असणार. मग एका वक्तृत्व स्पर्धेत दोघं समोरासमोर येतात, एकच भाषण करतात, आणि त्यानंतर आई, बाबा आणि दोन्हीकडच्या आज्या एकाच फ्लॅटमध्ये एकाच हिरव्या सोफ्यावर बसून भांडतात. एवढीच गोष्ट. आठवड्यातून पाच दिवस.

खरे जुळे त्यांना मिळाले नव्हते असं नाही. मिळाले होते, पण एक रडला की दुसराही रडायचा. शेवटी दोन सुटी पोरं घेतली. मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीतला, मालवणी घरातला. सॅव्हियो स्टुडिओच्या मागच्याच गावठाणातला, ज्यांची भातशेती या कारखान्यांखाली गेली त्या ख्रिस्ती घरांपैकी एकातला. नाक सारखं, भुवया सारख्या, आणि केस एकाच न्हाव्याने कापले की पाठमोरे आम्ही आपापल्या आयांनाही फसवायचो. तोंड उघडलं की मात्र पंचाईत. मी "खंय", तो "नाय", आणि आम्ही व्हायचं होतं अगदी पुस्तकी वळणाची पोरं. आमची भाषा धुऊन काढायला एक बाई यायच्या. त्या आम्हाला दातांत पेन्सिल धरून परिच्छेद वाचायला लावत. बाई चहाला गेल्या की आम्ही त्याच पेन्सिली दातांत धरून एकमेकांना शिव्या द्यायचो. उच्चार सुधारले ते त्यामुळे.

त्या दिवसांचे आवाज माझ्या कानांत अजून आहेत. दृश्य सुरू होण्याआधी मोठा पंखा बंद व्हायचा आणि त्याची पाती शेवटचे दोन फेरे कण्हत घ्यायची, तो आवाज. खोट्या भिंतीमागे कोणाचा तरी शिंकायचा बेत फसायचा, तो आवाज. नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या दिवशी कॅमेऱ्यापुढे नारळ फुटायचा, तो. खोबऱ्याचे तुकडे वाटताना दिग्दर्शकाने एकदा जपून विचारलं होतं, "सॅव्हियो, तुला चालतं ना रे?" सॅव्हियो म्हणाला, "खोबरं कोणाला चालत नाय?" आणि माझाही तुकडा उचलला. आमच्या खोलीच्या खिडकीबाहेर एक पडदा टांगलेला असायचा, त्यावर बोरिवलीचा डोंगर रंगवलेला. त्या डोंगरावर मी चघळलेला बबलगम चिकटवायचो. मालिका संपेपर्यंत त्या राष्ट्रीय उद्यानात गुलाबी रंगाचं बरंच जंगल उगवलं होतं.

मी निहार, सॅव्हियो निनाद. आमच्यात फरक एवढाच, की निनादच्या डाव्या गालावर तीळ आणि निहारच्या उजव्या. ते तीळ रोज सकाळी मेकअपचे बबनदादा काढायचे. त्यांच्या बोटांना खोबरेल आणि विडीचा वास यायचा, आणि तीळ काढताना ते श्वास रोखून धरायचे, जणू देवाच्या मूर्तीचे डोळे काढतायत. एक दिवस बबनदादा यायला उशीर झाला. मी म्हटलं, एक ठिपका तर काढायचाय, त्यात काय कला. पेन्सिल घेतली, आरशासमोर बसलो, आणि टीव्हीवर मला माझा तीळ ज्या बाजूला दिसायचा त्याच बाजूला आरशात काढला. टीव्हीवर दिसणारी बाजू आणि आरशात दिसणारी बाजू उलट असते, एवढं भूगोलाचं ज्ञान मला नव्हतं. की ते विज्ञान असतं? तेही नव्हतं. त्या दिवशी दोन्ही भाऊ डाव्या गालावर तीळ घेऊन वावरले. चार प्रसंग झाले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते लोकांच्या. भाग दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीतल्या बायका नळावर एकच बोलत होत्या. "निहार बोरिवलीहून पळालो गो. घरात दोन दोन निनाद बसलेत." सगळीकडे तेच. पोरांनी अदलाबदल केली आहे आणि आईबापांना पत्ता नाही, असं प्रेक्षकांनी आपापसात ठरवून टाकलं. लेखकाने कपाळाला हात लावला, मग तोच हात पेनाला लावला. माझ्या चुकीतून त्याने पुढचा महिनाभर मालिका चालवली. मला वाटलं, आता आपला सत्कार होणार. बबनदादांनी कानाखाली आवाज काढला आणि म्हणाले, "परत माझ्या पेन्सिलीला हात लावशील तर भुवया काढून ठेवीन."

पण त्या चुकीचा भुर्दंड असा, की आता खरोखर अदलाबदल करायची होती. मी निनाद, सॅव्हियो निहार. दिग्दर्शकाने फर्मान काढलं, एकमेकांच्या घरी जाऊन राहा आणि समोरचा कसा खातो, कसा झोपतो ते शिकून या. मे महिना होता. मी गावठाणात गेलो.

आजही मला कोणी डोळे बांधून त्या गावठाणात सोडलं तर मी सॅव्हियोच्या घराचं दार नाकाने शोधीन. दारापुढच्या चटईवर मिरच्या, धणे, तीळ, खसखस उन्हात पसरलेली. वर्षभराच्या बाटली मसाल्याचं ते सामान. सॅव्हियोच्या मम्मीला मी मावशी म्हणायचो. मावशी पदराने नाक बांधून मिरच्या परतवायची आणि सगळी गल्ली शिंकायची. तयार मसाला गडद बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. तो हवा न राहता भरणं ही विद्या. मी भरलेली बाटली मावशीने उजेडासमोर धरली आणि म्हणाली, "यात हवा हाय. तुझ्या डोक्यासारकी." संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दगडी क्रुसाला फुलांच्या माळा पडायच्या, मेणबत्त्या लागायच्या, आणि सगळे उभे राहून प्रार्थना गायचे. मला शब्द येत नव्हते. मी नुसता ओठ हलवायचो, अगदी भक्तिभावाने, आणि नेमका सगळे थांबले की माझा एक सूर मागे राहायचा. प्रार्थना संपली की पानाच्या द्रोणातून उकडलेले चणे मिळायचे. मी दोनदा रांगेत उभा राहायचो. मावशीला कोणी विचारलं, हा कोण, तर ती चणे वाढतावाढता सांगायची, "दुसरा."

सॅव्हियो तिकडे आमच्या चाळीत. माझे बाबा कारखान्यात वायरमन. घरी आले की बनियनवर बसून मासे साफ करणं ही त्यांची करमणूक. त्यांनी सॅव्हियोला पहिल्याच संध्याकाळी बांगडे साफ करायला बसवलं आणि तो त्यांच्याहून चांगले करतो हे पाहून त्यांचा जीव त्याच्यावर जडला. आठवड्याने मी परत आलो तर म्हणाले, "तू कित्याक इलंस? हो बरो आसा. तुका तिकडेच ठेवन घेतीत तर विचार." त्यानंतर माझ्या घरी माशाची शेपटी माझी आणि मधला तुकडा जुळ्या भावाचा, असा कायदा झाला. मी आजतागायत त्याविरुद्ध दाद मागतो आहे.

मग सॅव्हियो वाढायला लागला. एका सुट्टीत आंब्याच्या रोपासारखा. मी होतो तिथेच. मला लाकडी खोक्यावर उभं करायचे, त्याला अनवाणी. नंतर मला दोन खोकी, आणि त्याला सोफ्यावर बसूनच सगळे संवाद. निनादला एवढं बसून राहायला काय झालंय, म्हणून एका आज्जीबाईंनी चौकशी केल्याचं मला आठवतं. सॅव्हियो रडकुंडीला यायचा, पाठीला बाक काढून चालायचा. मी त्याला म्हणायचो, "तू सरळ चाल. मी उड्या मारीन." आणि खरंच टाचा उचलून चालायचो. आमचे त्या काळातले फोटो बघा, निहार प्रत्येक फोटोत काहीतरी चोरायला निघाल्यासारखा दिसतो.

मालिका बंद झाली. का, ते विचारू नका. सोफा कोणीतरी नेला, पडद्यावरचा डोंगर माझ्या बबलगमसकट गुंडाळला गेला, बबनदादा गावी गेले. सॅव्हियो विमानतळावर सामानाच्या विभागात लागला. मी नट राहिलो, म्हणजे जाहिरातींत गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या शेजारी जो चिंताग्रस्त चेहऱ्याने उभा असतो, तो मी.

लोक म्हणतात, ते टीव्हीपुरतं होतं. म्हणोत. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला सॅव्हियो पुढे झाला. तर चाळीतले एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरच्यांनीच द्यावा रे." मी म्हटलं, "काका, घरचाच आहे. तुम्ही जरा सरका." तो उंच, मी बुटका, बाबा सगळा रस्ता तिरके गेले. त्यांना आवडलं असतं. जन्माचा दाखला ज्यांना बघायचा असेल त्यांनी तो खुशाल बघावा. आम्हाला कोणी एका पोटी जन्माला घातलं नाही, हे आम्हालाही माहीत आहे. आम्ही ते मानत नाही, एवढंच.

तर असा मी, आणि मला ईशाचा फोन आला. नव्या कंपनीतली ही मुलगी. गोड बोलणारी. "सर, मी लहानपणी रोज बघायचे. माझी आजी तर तुमच्यामुळे जेवायची थांबायची." मग म्हणाली, सॅव्हियो सरांचे फोटो पाहिले, ते आता मॅच होत नाहीत ना. बरोबरच होतं. तो सहा फुटी, टकला, पोट सुटलेला. मी अजून केसांना कलप लावून निहारच्या वयाचा भास निर्माण करतो, निदान पाठमोरा. "तुम्हीच दोन्ही करा सर. शेवटी सॅव्हियो सरांना आपण विशेष आभार देऊ." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कितीतरी वर्षांनी मला नाव असलेली भूमिका कोणी विचारत होतं. नाव होतं निहार, आणि लागलंच तर निनाद.

सॅव्हियोला सांगितलं. तो म्हणाला, "कर ना मग. मी कुठे ॲक्टिंग करतोय आता. मी सुट्टी टाकून येतो बघायला."

तसा तो आला होता. माझ्या पाठीवर आदळून आत आला आणि मॉनिटरच्या मागे खुर्ची ओढून बसला. ईशा त्याला बघून जराशी गोरीमोरी झाली, पण तिने स्वतः उठून त्याला पाणी आणून दिलं. समोर नवा हिरवा सोफा. जुन्याच्या फोटोवरून बनवलेला. प्रसंग जुनाच, खिडकीजवळचा पलंग कोणाचा यावर दोघे भाऊ भांडतात तो. आधी मी डावीकडे बसून निहारची वाक्यं रिकाम्या जागेला म्हटली. मग शर्ट बदलून, उजवीकडे बसून, निनाद झालो.

"हात खाली," मॉनिटरमागून सॅव्हियो म्हणाला. "मी बोलताना हात नाय हलवत. मान हलवतो."

पुन्हा केलं.

"आता बरोबर. पण खांदा जरा पाड. मी तेव्हा पाठीला बाक काढायचो ना, तुझ्यासाठी."

पुन्हा केलं. यावेळी जमलं. वाईट गोष्ट हीच, की फार छान जमलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ईशा म्हणाली, "सर, या ना, बघा." कॉम्प्युटरवाल्याने दोन्ही तुकडे घाईघाईने शेजारी ठेवले होते. हिरव्या सोफ्यावर मी, आणि माझ्या शेजारी मी.

"झकास," सॅव्हियो म्हणाला. "असाच होतो मी." आणि त्याने रुमाल काढून टक्कल पुसलं. एसी इतका जोरात होता की बाकी सगळे हात चोळत होते.

मी पडद्याकडे बघत राहिलो. नाक तेच, भुवया त्याच, मान हलवणं तेच. पण तो निनाद फार सभ्य होता. निहारचं वाक्य संपेपर्यंत तो तोंड मिटून थांबला होता, शहाण्या मुलासारखा. सॅव्हियो आयुष्यात कधी थांबला नाही. माझं वाक्य अर्ध्यात तोडून त्याचं सुरू व्हायचं. बाई ओरडल्या, दिग्दर्शक ओरडला, हा तोडतच राहिला. मला माझ्या कुठल्याच वाक्याचा शेवट पाठ नसायचा, कारण तिथपर्यंत मला कोणी जाऊच देत नव्हतं. आणि हा पडद्यावरचा माणूस वाट बघत होता. माझ्या चेहऱ्याचा, पण माझा कोणीच नाही.

मी म्हटलं, "ईशा, मी हे नाही करणार. दोघं, नाहीतर कोणीच नाही."

"येडा झालास काय," सॅव्हियो उठलाच. "वर्षानुवर्षं घरी बसलायस. कर गपचूप."

"तू गप्प बस. तुला बोलावलंय का?"

"मी मोठा भाऊ म्हणून सांगतोय."

"मोठा मी आहे. तू फक्त लांब आहेस."

ईशाने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "सर, मी विचारून बघते. पण वरून ठरलंय. ते दुसरा आर्टिस्ट घेतील."

"घेऊ देत. त्यालाही दोनदाच घेतील."

"मला खरंच वाईट वाटतंय सर."

"मलाही वाटणार आहे, घरी पोचल्यावर. बायको आधीच विचारेल, कामाचं काय झालं. तिला काय सांगायचं ते आम्ही रिक्षात ठरवू."

तिने बाहेर जाऊन फोन लावला, परत आली, नकारार्थी मान हलवली. कोणीतरी "पॅक अप" म्हणालं. माणसं वायरी गुंडाळायला लागली. मी सोफ्यावर जाऊन डावीकडे बसलो. सॅव्हियो कंबरेवर हात ठेवून उभा. "आता काय?" म्हणाला. मी उजवीकडच्या गादीवर हात आपटला. तो आला आणि बसला, तसा सोफा त्याच्या बाजूने इतका खचला की मी घसरत त्याच्या दंडाला टेकलो.

वरचा एक दिवा गेला. मग दुसरा. खालून कोणीतरी म्हणालं, "साहेब, लाइट बंद करतोय." मी म्हटलं, "करा." आणि निहारचं भाषण सुरू केलं. खिडकीजवळचा पलंग माझाच का, याची सगळी कारणं. कॅमेऱ्यावर झाकण होतं. माझ्या आवाजाला त्या रिकाम्या फ्लोअरचा घुमारा येत होता. वायरी गुंडाळणारा एकजण थांबला. ईशा बंद दाराशी उभी राहिली, बॅग खांद्याला, गेली नाही. शेवटचा दिवा गेला आणि दुपारच्या वेळी तिथे मिट्ट काळोख झाला. शेजारी सॅव्हियोचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, विसरला हा. इतकी वर्षं झाली, विसरणारच. मी आपला रेटत राहिलो, "आणि तिसरं म्हणजे, निनाद, या घरात मी आधी आलो, त्यामुळे नियमाप्रमाणे तो पलंग..."

"पुरे झालं तुझं," सॅव्हियो म्हणाला. "आता माझं ऐक."